संत जोसेफ वाझ : थकलेल्या सेवकांचा सोबती



१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा सण. गोव्यात आणि श्रीलंकेत तो मोठ्या भक्तिभावाने साजरा होतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र हे नाव अजून फारसे कोणाच्या ओठांवर नाही. ते आपल्या घरांत पोहोचावे अशी आमची इच्छा आहे आणि त्याला एक कारण आहे.

गेल्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील सेवकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार आमच्या कानी आली. प्रार्थनासभा घेणारी भगिनी असो, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे गुरुजी असोत की गायनमंडळ सांभाळणारा तरुण असो, सगळेच थकले आहेत. काहींनी ते बोलून दाखवले. काहीजण काही न बोलता यायचे थांबले. कापूस-सोयाबीनची चिंता, घरातले आजारपण, मुलांची शिक्षणे हे सारे सांभाळून चर्चचे काम करायचे आणि वर चार लोकांची बोलणीही ऐकायची. मग एक दिवस माणसाला वाटते की आपल्यात आता काही उरले नाही. त्याहून वाईट म्हणजे, असे वाटणे हेच पाप आहे, आपली श्रद्धा कमी पडली, असे समजून तो आणखी खचतो.

अशा सर्वांसाठी हे चरित्र आहे.

बाणावलीचा मुलगा

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील सासष्टी भागात, बाणावली या गावी आजोळी झाला. वडील क्रिस्टोव्हांव वाझ हे सांकवाळचे. आई मारिया दे मिरांडा. कोंकणी बोलणारे, भक्तिमान असे हे घराणे होते. जोसेफचे शिक्षण सांकवाळ, बाणावली आणि पुढे जुन्या गोव्यात झाले. १६७६ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर ते अनवाणी चालू लागले. गरिबांमध्ये काम करायचे तर गरिबांसारखेच राहावे असे त्यांना वाटे.

५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने एक लेख लिहून स्वतःला पवित्र मरीयेचा दास म्हणून कायमचे वाहून घेतले. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. पुढच्या खडतर आयुष्यात आपण कोणाचे आहोत याविषयी त्यांच्या मनात कधी संभ्रम राहिला नाही. ते नाते त्यांनी या लेखाने आधीच पक्के केले होते.

सिलोन बेटावर, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, एकही धर्मगुरू उरलेला नाही ही बातमी त्या काळात गोव्यात पोहोचली होती. डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले. डच हे प्रोटेस्टंट पंथाचे. पोर्तुगिजांशी त्यांचे हाडवैर असल्याने त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले. धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा जाहीर झाली. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला अखेरचा अभ्यंग नाही अशा अवस्थेत हजारो भाविक दिवस काढत होते. जोसेफ यांनी तिकडे जाण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी मात्र १६८१ साली त्यांना कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या कर्नाटकच्या किनारपट्टीवर पाठवले.

तिथे धर्माधिकाऱ्यांमध्येच वाद पेटलेला होता. पोर्तुगालच्या राजाच्या अधिकाराने चालणारी व्यवस्था आणि रोमने नेमलेली व्यवस्था, यांत खरा अधिकार कोणाचा हा तो तंटा. लोक दोन गटांत विभागलेले. न मागितलेले काम आणि त्यात भाऊबंदकी! आपल्यापैकी ज्यांनी कधी एखाद्या मंडळाची जबाबदारी घेतली आहे त्यांना ठाऊक असेल की बाहेरच्या विरोधापेक्षा घरातल्या भांडणाने माणूस लवकर थकतो. जोसेफ यांनी तीन वर्षे दोन्ही बाजूंना सांभाळत गावोगावी संस्कार दिले, शाळा काढल्या, गुलामगिरीत अडकलेल्या ख्रिस्ती लोकांना सोडवले आणि १६८४ साली ते गोव्याला परतले.

जुन्या गोव्यात एका टेकडीवरील पवित्र क्रुसाच्या चर्चमध्ये काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनेचे जीवन जगत होते. जोसेफ त्यांना जाऊन मिळाले. १६८५ साली त्यांनाच प्रमुख निवडण्यात आले आणि संत फिलिप नेरी यांच्या नियमावलीवर आधारलेला संघ तिथे आकाराला आला. जोसेफ यांना हे घर आवडले होते, पण सिलोन मनातून जात नव्हते. १६८६ साली प्रमुखपद सोडून ते निघाले.

ओसाड जागेत पडलेला धर्मगुरू

१६८७ साली पुनरुत्थान सणाच्या सुमारास जॉन नावाचा एक विश्वासू तरुण सोबत घेऊन जोसेफ तुतिकोरीनहून गलबतात बसले. अंगावर हमालाचे कपडे होते, कारण धर्मगुरूच्या वेशात गेले असते तर किनाऱ्यावरच पकडले गेले असते. वादळाने गलबत भरकटले. अन्नपाण्याचे हाल झाले. शेवटी ते जाफना भागात उतरले तेव्हा दोघांच्याही अंगात त्राण नव्हते. जोसेफ यांना तीव्र अतिसार झाला होता.

त्यांचे चरित्रकार सांगतात की साथ पसरेल या भीतीने त्यांना वस्तीबाहेर ओसाड जागेत टाकून देण्यात आले. आजारी जॉनही बाजूला पडलेला. तिथे एक बाई येऊन त्यांना तांदळाची कांजी देत असे. त्या कांजीवर ते जगले.

बंधू-भगिनींनो, इथे आपण क्षणभर थांबूया. हजारो लोकांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आलेला हा धर्मगुरू. त्याच्या सेवेची सुरुवात दुसऱ्याच्या हातची पेज पिण्याने झाली. पहिले कित्येक दिवस त्याने कोणाला काही दिले नाही. देण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हतेच. त्याने फक्त घेतले.

पवित्र शास्त्रातील एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर तो अरण्यात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. देवाने त्याला रागावून उठवले नाही की श्रद्धेवर प्रवचन दिले नाही. देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि उठवून पुन्हा खायला दिले. पुढचा मार्ग नंतर सांगितला. थकलेल्या सेवकाशी देव असा वागतो. जाफन्याच्या त्या ओसाड जागेत देवदूताच्या हाती भाकरीऐवजी कांजीचे भांडे होते, एवढाच काय तो फरक.

नऊ वर्षे एकटे

प्रकृती सुधारल्यावर जोसेफ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते भिक्षा मागत दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून ज्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटेल ते घर कॅथलिक, अशी त्यांची खूण होती. हळूहळू लोक भेटत गेले. सिल्लालै नावाचे गाव त्यांचे ठाणे बनले. रात्री मिस्सा व्हायची, रात्रीच बाप्तिस्मा आणि पापनिवेदन, आणि पहाटेच्या आत ते दुसऱ्या गावाला निघायचे. डचांना सुगावा लागला. नाताळच्या सुमारास छापा पडून अनेक भाविकांना अटक झाली, काहींना अमानुष मारहाण झाली. धर्मगुरू मात्र त्यांच्या हाती लागला नाही. आपल्यासाठी लोकांनी फटके खाल्ले हे ओझे घेऊन जोसेफ यांना तिथून निघावे लागले.

ते पुत्तलमला गेले आणि १६९२ साली बेटाच्या मध्यभागी असलेल्या कँडीच्या राज्यात पोहोचले. तिथे बौद्ध राजाचे राज्य होते. डचांचा अंमल नव्हता. पण दरबारातल्या एका फ्रेंच माणसाने हा पोर्तुगिजांचा हेर आहे असा संशय पेरला आणि जोसेफ कैदेत पडले.

या सगळ्या काळात बेटावर दुसरा धर्मगुरू नव्हता. सगळ्यांची पापनिवेदने ते ऐकत होते, पण त्यांचे ऐकणारा कोणी नव्हता. सल्ला विचारावा असा सहकारी नव्हता. जवळजवळ नऊ वर्षे हे असेच चालले. आपल्या भागात अनेक ख्रिस्ती कुटुंबे एकेका गावात एकेकटी राहतात, घाटावर आणि घाटाखाली विखुरलेली. एकटेपणाने श्रद्धा कशी सुकत जाते हे त्यांना सांगायला नको.

मग ते तगले कसे? त्यांच्या चरित्रात आम्हाला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट प्रार्थनेची. ते एकटे असूनही संघाच्या नियमानुसार प्रार्थनेच्या वेळा पाळत. कामातून वेळ उरला तर प्रार्थना, असा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. कैदेतही त्यांनी झोपडीवजा प्रार्थनामंदिर उभे केले.

दुसरी गोष्ट, जे हाती होते त्यातून त्यांनी काम सुरू ठेवले. तुरुंगात फिरता येत नव्हते, तर ते सिंहली भाषा शिकले. पुढे हीच भाषा त्यांच्या कामाचा पाया ठरली. सक्तीने मिळालेल्या या थांब्याला त्यांनी वाया गेलेला काळ मानले नाही.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. त्यांनी काम वाटून दिले. एक धर्मगुरू साऱ्या बेटाला पुरणार नाही हे त्यांनी ओळखले होते. म्हणून गावागावांत प्रापंचिक माणसे निवडली. तमिळ भाषेत त्यांना मुप्पू आणि अण्णावी म्हणत. मुप्पूने गावातील ख्रिस्ती समूहाची व्यवस्था पाहायची. अण्णावीने लोकांना प्रार्थनेसाठी जमवायचे, मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, मरणासन्न माणसाजवळ बसायचे, अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा द्यायचा. धर्मगुरू वर्षातून एकदा येवो की दोनदा, गावातली श्रद्धा जिवंत राहायची. पुढे डचांचा छळ चालूच राहिला, तरी श्रीलंकेतील ख्रिस्तसभा टिकली. त्यात या शेतकरी, कोळी, मजूर नेत्यांचा मोठा वाटा आहे.

मोशेलाही हे शिकावे लागले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसलेल्या जावयाला पाहून सासऱ्याने, म्हणजे इथ्रोने, त्याला थांबवले. असे केलेस तर तूही झिजशील आणि लोकही झिजतील अशा अर्थाचा सल्ला देऊन त्याने जबाबदार माणसे नेमायला सांगितले. मोशेने ऐकले. सासऱ्याचा सल्ला मानण्यात त्याला कमीपणा वाटला नाही!

पाऊस आणि साथ

कँडीत एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला दुसऱ्याने सांगायला नको. सगळे उपाय करून झाल्यावर राजाने या कैदी धर्मगुरूला प्रार्थना करण्यास सांगितले. जोसेफ यांनी उघड्यावर वेदी मांडली, क्रूस ठेवला आणि ते गुडघे टेकून बसले. परंपरा सांगते की मुसळधार पाऊस कोसळला आणि वेदीची जागा तेवढी कोरडी राहिली. त्यानंतर राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना राज्यात मोकळेपणाने फिरण्याची परवानगी दिली. बौद्ध राजाने दिलेल्या या आश्रयाची आठवण श्रीलंकेतील ख्रिस्ती लोक आजही कृतज्ञतेने ठेवतात.

१६९६ च्या सुमारास गोव्याहून सहकारी धर्मगुरू येऊन पोहोचले. कोचीनच्या बिशपांनी जोसेफ यांना सिलोनचे व्हिकर जनरल नेमल्याचा निरोपही आला. नऊ वर्षांनी त्यांना आपले पापनिवेदन करता आले, वेदीवर सोबती मिळाला. त्या भेटीच्या वेळी त्यांना काय वाटले असेल याची आपण कल्पनाच करू शकतो.

विसावा मात्र लाभला नाही. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा आणि सधन लोक शहर सोडून गेले. आप्तांनीच रोग्यांना रानात नेऊन टाकले. जोसेफ आणि फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. रिकाम्या घरांत त्यांनी रोग्यांना ठेवले, जखमा धुतल्या, घास भरवला, मेलेल्यांना पुरले. धर्म कोणता हे विचारले नाही. दहा वर्षांपूर्वी ज्याला स्वतःला वस्तीबाहेर टाकले होते आणि एका बाईने कांजी पाजून जगवले होते, तो आता टाकून दिलेल्यांना घास भरवत होता. तेव्हा घेतलेले आता त्याच्या हातून परत जात होते.

मोठे पद नको

१७०५ साली पोपमहोदयांचे प्रतिनिधी भारतात असताना जोसेफ यांना सिलोनचे व्हिकर अपोस्टोलिक करावे, बिशपपद द्यावे असा विचार पुढे आला. जोसेफ यांनी नम्रपणे नकार दिला. त्याच वर्षी दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस त्यांच्या मदतीला आले. त्यांची बुद्धी आणि भाषेची हातोटी ओळखून जोसेफ यांनी त्यांना लेखनाच्या कामाला लावले. पुढे गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळमध्ये विपुल ग्रंथरचना केली. आपल्यापेक्षा एखाद्या कामात सरस असलेला सहकारी आला की पुष्कळ नेत्यांचा जीव खालीवर होतो. जोसेफ यांना मात्र आनंद झाला.

१७१० साली प्रकृती साथ देत नसतानाही ते आणखी एका दौऱ्यावर निघाले. तापाने फणफणून कँडीला परतले. थोडे बरे वाटताच संघाच्या नियमाप्रमाणे त्यांनी आध्यात्मिक साधनेचे दिवस सुरू केले, पण ती पूर्ण झाली नाही. १६ जानेवारी १७११ रोजी मध्यरात्री, सहकाऱ्यांच्या सान्निध्यात, त्यांनी प्राण सोडला. वय साठीच्या आत होते. चोवीस वर्षांत ते एकदाही घरी परतले नाहीत. त्यांची कबर नेमकी कुठे आहे हे आज कोणाला ठाऊक नाही.

२१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

आपल्यासाठी

हे चरित्र वाचून कोणी असा अर्थ काढू नये की संतांसारखे अंग मोडेपर्यंत राबलेच पाहिजे. जोसेफ वाझ थकले, आजारी पडले, पडून राहिले आणि अनोळखी बाईच्या हातची पेज त्यांनी घेतली. थकवा हा अविश्वास नव्हे. प्रभू येशूसुद्धा थकून विहिरीच्या काठी बसला होता आणि त्याने एका शमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले होते.

म्हणून थकलेल्या सेवकांना आमची विनंती आहे. आपण थकलो आहोत हे फादरांना किंवा विश्वासातील कोणाला तरी मोकळेपणाने सांगा. गुपचूप निघून जाऊ नका. थोडे दिवस थांबावेसे वाटले तर थांबा. रविवारी वाचनासाठी, गायनासाठी पुढे न येता मागच्या बाकावर बसून नुसती मिस्सा ऐका. तेवढे दिवस घेणारे व्हा.

आणि जे थकलेले नाहीत त्यांना, खरे म्हणजे स्वतःलाही, आम्ही एक प्रश्न विचारतो. आपल्या धर्मग्रामात प्रत्येक कामासाठी त्याच चार-पाच माणसांची नावे पुढे येतात. ती कोणी पुढे केली? आपणच ना? काम नीट झाले तर आपण गप्प बसतो आणि चुकले तर चर्चच्या आवारात उभे राहून बोलतो. थकलेल्या सेवकाच्या घरी शेवटचे कधी कोण गेले होते?

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करावी. आपल्यासाठी प्रार्थनासभा घेणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या एका व्यक्तीच्या घरी जावे. काही मागायला जाऊ नये. सोबत घरचे काहीतरी खायला न्यावे, बसावे, विचारपूस करावी आणि जमत असेल तर तिच्या कामातला एखादा वाटा आपल्याकडे मागून घ्यावा. जाफन्यातील त्या बाईचे नाव इतिहासाला माहीत नाही. पण तिच्या कांजीवाचून संत जोसेफ वाझ यांची ही कथा पहिल्या पानावरच संपली असती.

प्रार्थना करूया : हे प्रभो, तुझे काम करताना रिकामे झालेल्या आमच्या बंधू-भगिनींकडे पाहा. त्यांना विसावा दे, सोबती दे आणि आम्हाला त्यांच्या दाराशी ने. संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.